पोरांची पावडर

आमच्या घरात दसऱ्याला आणि पाडव्याला श्रीखंड व्हायचं, पण ते मी कधी पोटभर खाल्ल्याचं मला आठवत नाही. साताऱ्याकडच्या मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव, दारात दोन म्हशी. सणाच्या आदल्या दिवशी आई दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायची आणि खाली पातेलं ठेवायची. त्यात थेंब थेंब गळणारं ते हिरवट पाणी, त्याला आम्ही निवळी म्हणायचो. चक्का अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, चुलत्यांना, भावाला आणि आल्यागेल्याला, निवळी बायकांना. आई ती टाकून देत नसे. तिच्यात नाचणीचं पीठ मळायची आणि भाकऱ्या थापायची. निवळीची भाकरी साध्या भाकरीपेक्षा लवकर तांबूस होते, म्हणून जाळ कमी ठेवावा लागतो. "घाई नको करू, वरनं लाल हुती अन् आतनं कच्ची ऱ्हाती," असं आई मला शिकवायची. जरा आंबटसर, जरा खारट, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी ती भाकरी सगळ्यांचं आटोपल्यावर आम्ही दोघी लसणाच्या चटणीशी खायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. राग पुढे आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अण्णा पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. आमच्याकडे मुलगा जन्मला की तो भरती होणार हे बारशालाच ठरायचं. भाऊ झाला तसा. मी बारावी झाले तेव्हा पोलिसात मुलींची भरती निघत होती, आणि शाळेच्या मैदानावर मला कुणी मागे टाकत नव्हतं. मी अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक भरती. एकच. न्हाई झाली तर मी दाखवीन त्या पोराशी लगीन. पुन्यांदा इचारायचं न्हाई." भावाला तिसऱ्या खेपेला घेतलं होतं, त्याच्या दोन खेपा कुणी मोजल्या नव्हत्या. मी हे बोलले नाही. माझी कमळमावशी सांगलीत खाणावळ चालवायची, तिच्याकडे राहून भरतीची तयारी करायची असं ठरलं, आणि उन्हाळ्यात मी सांगलीला गेले.

मावशीचं घर म्हणजे पुढे पंगतीची पडवी, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली. पलीकडे मैदान. मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ही खाणावळ तिनं एकटीनं उभी केली होती. तिचं बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे शेजारची भरती अकॅडमी. तिथली तीस-पस्तीस पोरं दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायची. पहाटे मैदानावर शिट्टी, मग धावणाऱ्या पायांचा दणदणाट, मग ताटांचा खडखडाट, असा त्या घराचा दिवस असे. अकॅडमी चालवणारे गृहस्थ पलटणीतून आलेले, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. मीही तेवढंच लिहिते. नाव लिहून त्यांच्या नातवंडांना त्रास द्यायचा नाही. अण्णांनी माझी फी भरली. पोरांची जेवढी होती तेवढीच, एक रुपया कमी नाही. पोरी आम्ही चौघी होतो. त्यातली जतकडची लक्ष्मी माझी जिवाची. तिच्या घरी मेंढरं होती, आणि मेंढरांमागे मैलोन्मैल फिरलेले तिचे पाय कधी दमायचे नाहीत.

पोरांना सकाळी दोन अंडी, केळं, पेलाभर दूध. दुपारी चार भाकऱ्या, मागेल तेवढी आमटी. आम्हा पोरींना दोन भाकऱ्या, आणि त्याही पोरांची पंगत उठल्यावर. अंडी नाहीत. सरांचं म्हणणं असं की मुलींचं वजन वाढलं तर त्या पळणार कशा. मैदानाच्या फेऱ्या मात्र सारख्याच. मी मावशीच्या हाताखाली असल्यामुळे आधी तीस जणांना वाढायचे, मग स्वतःचं ताट घ्यायचे, तोवर आमटीच्या तळाशी फोडणीची मोहरी तेवढी उरलेली असायची. कुणी दुष्टपणानं हे करत होतं असंही नाही. मावशी स्वतः सगळ्यांत शेवटी जेवायची. कुणाला विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता, आणि आज लिहिताना मला चीड येते ती याचीच.

एके दिवशी सरांनी जीपमधून एक पोतं उतरवलं. कुठल्याशा डेअरीत त्यांची ओळख होती, तिथून आणलेलं. आत फिकट पिवळसर पावडर. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं की ही व्हे पावडर, परदेशातले पैलवान हीच खातात, हिनं दंड आणि मांड्या भरतात. मग पोतं स्वयंपाकघरात ठेवून मावशीला बजावलं, "ही फक्त मुलांसाठी. रात्रीच्या हळदीच्या दुधात घालायची." मी चिमूटभर जिभेवर ठेवली. गोडसर, खारट आणि मागाहून जराशी आंबट. मला ती चव ओळखीची वाटली, पण इतक्या वाजतगाजत आलेल्या वस्तूबद्दल आपण काय बोलायचं, म्हणून गप्प बसले.

त्या संध्याकाळी मावशीनं सांगितल्याप्रमाणे उकळत्या दुधात ती घातली आणि सगळं दूध फाटलं. मोठ्या पातेल्यात पिवळं पाणी आणि गुठळ्या. सर आले, डोकावले, आणि तीस पोरांसमोर मावशीला म्हणाले, "नासकं दूध आणता आणि माझ्या पोरांना पाजता?" मावशीचा चेहरा उतरला. तिनं त्या खाणावळीत कधी शिळं वाढलं नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, दूध चांगलं हाय. पावडर आंबट हाय, निवळीवानी. उकळत्या दुधात निवळी घातली तर दूध फाटायचंच. आमच्यात कुणी घालत न्हाई." सर माझ्याकडे बघून हसले. परदेशी पावडरीला निवळी म्हणणारी ही डोंगरातली पोर त्यांना फार गमतीची वाटली. पोरंही हसली. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण मावशीची कुणी माफी मागितली नाही, ते मात्र मी विसरले नाही.

मग सरांनी दुधाचा नाद सोडला आणि पोरांना ती थंड पाण्यात कालवून प्यायला लावली, मोठे तीन-तीन चमचे, धावायच्या आधी. दोन दिवसांत मैदानाच्या कडेच्या संडासापुढे रांग लागली. पोटं गुरगुरायची, अर्ध्या फेरीत एकेक जण रांग सोडून पळायचा, आणि त्या दिशेला ते जितक्या जोरात पळत तितक्या जोरात ट्रॅकवर कुणी पळालं नाही. सर म्हणाले, "लागू पडतीय. सुरुवातीला असंच होतं." आठवड्यानं मात्र तेच कंटाळले आणि मावशीला म्हणाले की आता तुम्हीच काय करायचं ते करा, पण पावडर पोरांच्या पोटात गेली पाहिजे. मावशीनं पोत्याकडे बघितलं आणि माझ्याकडे. "तू म्हनत हुतीस न्हवं निवळी? मग कर काय ती."

इथं मला सांगायला हवं की ती पावडर म्हणजे आटवून सुकवलेली निवळीच, पाण्यात कालवली की ती पुन्हा आमच्या खुंटीखालच्या पातेल्यातलं पाणीच होते. आईच्या हाताखाली शिकलेलं सगळं मला लागू करता आलं. कढी करायची तर बेसनाबरोबर पावडर थंड पाण्यात आधी मोडून घ्यायची, आणि कढी उकळू न देता नुसती वाफाळायची. वरून कोरडी भुरभुरली तर गुठळ्या होतात. नाचणीच्या खिरीत घातली तर गूळ कमी लागतो. पण सगळ्यांत चांगली उतरली ती दशमीत. ज्वारीच्या पिठात दोन मुठी पावडर, कोमट पाणी, चिमूटभर मीठ, आणि तवा मंद. पहिल्या दिवशी मावशीनं घाईनं जाळ वाढवला आणि दशम्या बाहेरून करपून आतून कच्च्या निघाल्या. मी आईचं वाक्य तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "तुझी आई माझ्याच हाताखाली शिकलीया. मीच इसारले बघ." पोरांची पोटं थांबली. एकदम पाण्यातून तीन चमचे पचत नव्हते. जेवणातून थोडं थोडं पोटाला सोसत होतं. सरांनी पोरांना सांगितलं की त्यांचं शरीर आता सरावलं.

पोरींच्या ताटात मात्र साधीच भाकरी जायची. मी एकदा सरांना सरळ विचारलं की आम्हाला पावडर का नाही. ते म्हणाले, "मुलींना काय गरज? दंड फुगले तर लग्नाला कोण बघायला येईल?" सगळ्यांपुढे म्हणाले. त्यांना वाटलं आपण गंमत केली. त्याच आठवड्यात लक्ष्मी तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी येऊन मैदानावर आडवी झाली. सकाळपासून तिच्या पोटात एक पेला चहा होता. सर बाजूला उभे राहून पोरांना म्हणाले, "पोरींचं असंच असतं, म्हणून मी म्हणतो." मी तिला उचललं तेव्हा ती हलकी लागली, आमच्या घरच्या रेडकाइतकी. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अक्का, मला भूक लागलीया." एवढंच. भूक लागलीया.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी चारला, पोरं मैदानावर असताना, आधी आमच्या चौघींच्या दशम्या करायला लागले. पावडर घालून. प्रत्येकीला तीन, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. पोरी मागच्या दारानं यायच्या, चुलीपुढं बसायच्या आणि गरम गरम खायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी खाल्ली. तोवर तव्यावरची भाकरी नेहमी दुसऱ्या कुणाच्या ताटात जायची. मावशीला माहीत होतं. एक दिवस मी यायच्या आत पीठ मळून ठेवलेलं होतं. महिनाभर हे चाललं, आणि लक्ष्मीनं त्या महिन्यात आठशे मीटरमध्ये दोन पोरांना मागे टाकलं.

मग एका दुपारी सर पाणी मागायला मागच्या दारानं आत आले. आम्ही चौघी बसलेल्या, पोत्याचं तोंड उघडं, माझ्या हाताला पीठ. ते पाणी न घेताच परत गेले. संध्याकाळी सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं, मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "ही चोर आहे. पोलिसात जायला निघालीय आणि चोरी करते." मी म्हणाले, "आमी तेवढीच फी भरलीय, सर." ते म्हणाले, "पावडर मुलांसाठी होती. मी सांगितलं होतं." मी म्हणाले, "मग फी का घेतली मुलींची?" तीस पोरं, ज्यांना मी महिने-महिने ताटं वाढली, त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. सरांनी मला अकॅडमीतून काढलं. भरतीला बारा दिवस राहिले होते.

आणि मावशी. मावशी पदर सावरत आली आणि सरांपुढं हात जोडून म्हणाली, "चुकलं, सर. पोर हाय. माफ करा." तीस ताटं त्यांच्या शब्दावर होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी कळत नव्हतं. सरांपेक्षा मी तिच्यावर जास्त चिडले. "तूच पीठ मळलंस अन् तूच हात जोडलेस," मी तिला म्हणाले. ती भांडी घासत होती. "मळलं," ती म्हणाली. "अन् जोडलं बी." आणि तिनं पुढचं पातेलं घासायला ओढलं. बारा दिवस मी तिच्याच घरात राहिले, तिच्याशी कामापुरतं बोलले, आणि कृष्णेच्या काठच्या रस्त्यावर एकटी पळाले. अण्णांना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी माझी ती एक भरती झाली असंच मोजलं असतं. जेवण मावशी मला द्यायची, पण मागेच, पोरांची पंगत उठल्यावर, पूर्वीसारखं.

मैदानी चाचणी साताऱ्यात झाली. मी तिथं काय केलं ते फुगवून लिहिणार नाही. धावले, गोळा फेकला, उडी मारली, आणि पुढच्या लेखी परीक्षेत बसले. यादीत माझं नाव लागलं. लक्ष्मीचं लागलं नाही. मैदानात ती माझ्या पुढं होती, लेखीत कमी पडली. दुसरी भरती तिच्या घरच्यांनी बघू दिली नाही आणि त्याच वर्षी तिचं लग्न केलं. आज ती फोन करते तेव्हा पोराबाळांचं सांगते आणि मी पोलीस ठाण्यातलं सांगते. आम्ही दोघी त्या चार वाजताच्या दशम्यांबद्दल बोलत नाही. माझ्यानं बोलवत नाही.

मध्यंतरी मुख्यालयात आहाराची माहिती द्यायला एक बाई आल्या होत्या. आमच्या नव्या पोरी असल्या पावडरीचे डबेच्या डबे विकत घेतात, बाटलीत हलवून पितात, तेव्हा मी त्या बाईंना माझ्या पोत्याचं वर्णन करून विचारलं. त्या म्हणाल्या की ती साधी व्हे पावडर असणार. तिच्यात बहुतेक दुधातली साखर, थोडं प्रथिन, थोडं कॅल्शियम. डब्यातली वेगळी, तिच्यातली साखर बरीचशी काढून टाकलेली असते. भाकरीत, कढीत घालायला चांगली, पण तिनं दंड वगैरे काही भरत नाहीत. मी हसले, मग एकदम संतापले. म्हणजे ज्या वस्तूसाठी मला चोर म्हटलं ती वस्तू तशी काहीच नव्हती. आमच्या पायांत ताकद आली ती पावडरीनं कमी आणि वेळेवर पोटभर जेवल्यानं जास्त. आणि तेवढंच आम्हाला द्यावं, हे कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या पोरींना मी अजून पहिलं हेच विचारते की जेवलीस का, कधी जेवलीस, कुणाच्या आधी.

निवड झाल्यावर मी पेढे घेऊन सांगलीला गेले. मावशीच्या दारात उतरले आणि समोर बघते तर पडवीच्या खांबांना भलंमोठं फ्लेक्स बांधलेलं. वर सरांचा फेट्यातला फोटो, खाली यशस्वी विद्यार्थी म्हणून सात पोरांचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी मी. अकॅडमीच्या अर्जावरचा माझा फोटो, मोठा करून. खाली लिहिलेलं, अकॅडमीची शान. पंगत बसलेली होती, अजून वाढलेलं नव्हतं, सर खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणाले, "सर, माझा फोटो काढा. तुमी मला काढलं हुतं." ते म्हणाले, "अगं, आमचंच खाऊन तर पळलीस ना?" पंगतीतली पोरं हसली, अगदी पूर्वीसारखी.

मी आत गेले, मावशीची भाजीची सुरी घेतली आणि बाहेर येऊन स्टूल ओढलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी वर चढले तसं ते डगमगलं, आणि मग एकदम स्थिर झालं. खाली बघितलं तर मावशी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती, हाताला पीठ तसंच. सर खुर्चीतून उठले. "कमळाबाई, तुम्हीसुद्धा?" मावशी मान वर न करता म्हणाली, "स्टूल हलतंया, सर. पोर पडंल म्हणून धरलंय."

मी माझ्या चेहऱ्याभोवती चारी बाजूंनी कापलं. कापड जाड होतं, वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ पडवीत कुणाच्या ताटात काही पडलं नाही. चौकोन सुटून माझ्या हातात आला, तिथून पलीकडचा रस्ता दिसायला लागला. मी खाली उतरले. मावशीनं माझ्या हातातली सुरी घेतली, पदरानं पुसली. मग तिनं पंगतीच्या अगदी सुरुवातीला, सरांच्या खुर्चीसमोर, एक पाट मांडला, ताट ठेवलं, आणि चुलीवरून भाकरी आणून त्यात टाकली. तिच्यातून वाफ येत होती. तीस पोरं रिकाम्या ताटांपुढं बसली होती.

"बस," मावशी म्हणाली. "आधी तू."